बेंगळुरू ते पुणे : अंतर किती आणि वेळ किती?

सुट्टी जवळ आली की पालकांचे फोन सुरू होतात, आणि त्यांतला एक प्रश्न दर वर्षी ठरलेला असतो. "सर, विमान तर दीड तासाचं आहे. मग मुलगा सकाळी निघून घरी दुपारी का पोहोचतो?" कॅडेट्सचा प्रश्न याच्या उलट दिशेने येतो. नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी अंतर काढलेले असते, विमानाचा वेग कुठेतरी वाचलेला असतो आणि भागाकारही केलेला असतो. उत्तर येते बावन्न मिनिटे. मग तिकिटावर दीड तास का छापतात?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नववी-दहावीच्या गणितात आणि थोड्या भूगोलात सापडतात. वही आणि पेन्सिल घेऊन बसा. नुसते वाचून हा पाठ अंगी लागणार नाही.

आधी अंतर

कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर काढायचे तर त्यांचे अक्षांश आणि रेखांश हवेत. देवनहळ्ळी येथील केम्पेगौडा विमानतळ साधारण १३ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश ४२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८ अंश ३५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व येथे आहे. म्हणजे पुणे आपल्या उत्तरेला आहे, आणि बरेच पश्चिमेलाही.

आता अक्षांशातील फरक काढा. १८ अंश ३५ मिनिटांतून १३ अंश १२ मिनिटे गेली की ५ अंश २३ मिनिटे उरतात. अंशाची मिनिटे करा : ५ गुणिले ६० अधिक २३, म्हणजे ३२३ मिनिटे. इथे एक फार सोयीची गोष्ट आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल. सागरी मैल हे माप मुळात पृथ्वीच्या गोलाईवरून ठरवलेले आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नौदल आणि हवाई दल आजही किलोमीटर सोडून सागरी मैलात का बोलतात, याचे कारण यातच आहे. नकाशाच्या कडेला छापलेली अक्षांशांची पट्टी हीच त्यांची मोजपट्टी. तेव्हा पुणे आपल्या उत्तरेला ३२३ सागरी मैल.

रेखांशाचे काम इतके सरळ नाही. ७७ अंश ४२ मिनिटांतून ७३ अंश ५५ मिनिटे गेली की ३ अंश ४७ मिनिटे, म्हणजे २२७ मिनिटे उरतात. पण रेखांशाची दोन रेघांमधली फट विषुववृत्तावर सर्वांत रुंद असते आणि ध्रुवाकडे जाताना मिटत जाते. सोललेल्या संत्र्याच्या फोडी डोळ्यांसमोर आणा. मधे रुंद, टोकांना शून्य. किती मिटली हे अक्षांशाचे कोसाइन सांगते. आपण दोन्ही शहरांच्या मधला अक्षांश घेऊ, सुमारे १५ अंश ५४ मिनिटे. त्याचे कोसाइन ०.९६२. म्हणून २२७ गुणिले ०.९६२ बरोबर २१८ सागरी मैल. इतके पुणे आपल्या पश्चिमेला.

पुढचे काम पायथागोरसचे. ३२३ चा वर्ग १,०४,३२९ आणि २१८ चा वर्ग ४७,५२४. बेरीज १,५१,८५३. तिचे वर्गमूळ जवळजवळ ३९०. म्हणजे बेंगळुरू ते पुणे सरळ रेषेत ३९० सागरी मैल, किंवा सुमारे ७२२ किलोमीटर. दिशाही याच त्रिकोणातून निघते. २१८ भागिले ३२३ हे ज्या कोनाचे टँजंट आहे तो कोन ३४ अंशांचा. उत्तरेपासून पश्चिमेकडे ३४ अंश, म्हणजे होकायंत्राच्या भाषेत ३२६.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा त्रिकोण चालतो कसा, असे एखादा चौकस कॅडेट विचारील. एवढ्या अंतराला चालतो, चूक एखाद्या मैलाच्या आतच राहते. पण बेंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे असेल तर हा त्रिकोण तुम्हाला भलतीकडे नेईल. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू सेवा सुरू केली, तेव्हा कॉकपिटमध्ये सर्व महिला वैमानिक असलेले ते पहिले विमान उत्तर ध्रुवावरून आले. सपाट नकाशावर ही वाट वेडीवाकडी दिसते. वर्गातला पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप ध्रुवाकडे सरकेल. हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरते आणि गोलावर तेच सर्वांत कमी असते.

अंतर मोजण्याची गोष्ट निघालीच आहे तर एका सैनिकाची आठवण इथे काढली पाहिजे. विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. टिपूबरोबरच्या चौथ्या युद्धानंतर त्याने सगळा दक्षिण भारत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजण्याची योजना मांडली, आणि १८०० साली बेंगळुरूजवळ जमिनीवर साखळीने एक पायारेषा मोजली. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी दुसरी मोजली, आणि तिथून पुढे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम चालू झाले. एक बाजू मोजायची, कोन मोजायचे, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. ७८ अंश रेखांशाच्या आसपासची रेघ धरून लॅम्बटन वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या वर्गात विदर्भातले कॅडेट्स असतात. सुट्टीत जमले तर जाऊन पाहावी. आपण आज पाच मिनिटांत वहीवर जे अंतर काढले, त्याच्या मागे असे पायी केलेले काम आहे.

जमिनीवरचा रस्ता

सरळ रेषेत ७२२ किलोमीटर असलेले पुणे रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर भरते. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा हा राष्ट्रीय महामार्ग ४८. रेल्वेचा वळसा याहून मोठा आहे. उद्यान एक्सप्रेस गुंतकल, रायचूर, वाडी, सोलापूर अशी पूर्वेकडून फिरून जाते. रात्री बसलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा पुणे दिसते.

या दोन शहरांमधली वाहतूक नवी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुणे जहागीरही त्यांचीच. म्हणजे एकाच घरची दोन ठाणी, आणि मधे साडेआठशे किलोमीटर. लवाजम्यासह, बैलांच्या चालीने दिवसाला २४ किलोमीटर धरले तर ३५ मुक्काम होतात. वाटेत तुंगभद्रा आणि कृष्णा. पावसाळ्यात नदी फुगली की मुक्काम वाढलाच. बाल शिवाजीराजे आणि जिजाऊसाहेब ही वाट तुडवून आले-गेले आहेत. विमान अर्धा तास उशिरा आहे म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

बावन्न मिनिटांचे दीड तास कसे होतात?

आता वेग. या मार्गावर बहुतेक एअरबस ३२० जातीची जेट विमाने उडतात. चौतीस हजार फुटांवर त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट असतो. तिथल्या थंड हवेत हा वेग जवळजवळ ४५० नॉट होतो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. ४५० ला ६० ने भागा : मिनिटाला साडेसात सागरी मैल. हा आकडा पाठ करण्याजोगा आहे. ३९० भागिले साडेसात, बरोबर ५२ मिनिटे. कॅडेटचे उत्तर हेच होते आणि भागाकार बरोबरच आहे. फक्त त्याने असे धरले की विमान देवनहळ्ळीच्या दारातच चौतीस हजार फुटांवर पूर्ण वेगात उभे आहे आणि लोहगावच्या दारात ते त्याच वेगात थांबते.

प्रत्यक्षात काय होते ते क्रमाने पाहू. देवनहळ्ळीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच आहे. तिथून ३४,००० फुटांपर्यंत चढायचे. चढताना वेग कमी असतो, आणि १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा पाळावी लागते. साधारण १३० सागरी मैलांची चढण धरा. तिला २१ मिनिटे लागतात.

उतरण्यासाठी वैमानिकांचा एक सोपा नियम आहे. दर हजार फुटांना तीन मैल. पुण्याची उंची सुमारे १,९०० फूट. म्हणजे उतरायचे ३२,००० फूट, तीन गुणिले बत्तीस, ९६ मैल. वेग कमी करण्यासाठी आणखी नऊ-दहा मैल. असे १०५ मैल झाले. कोल्हापूर डाव्या हाताला मागे पडते न पडते तोच इंजिनांचा आवाज उतरतो आणि कानात दडे बसू लागतात, तो हा क्षण. या टप्प्याला २० मिनिटे.

आता गंमत पाहा. ३९० तून १३० आणि १०५ वजा केले की उरतात १५५ मैल. साडेसातने भागले की २१ मिनिटे. ज्या वेगाने आपण सगळा हिशेब केला, त्या वेगात विमान जेमतेम २१ मिनिटे असते! तीन टप्पे मिळून ६२ मिनिटे.

अजून संपले नाही. विमाने पट्टीने आखलेल्या रेघेवरून जात नाहीत. हवेतही ठरलेले मार्ग आणि खुणेचे बिंदू असतात, आणि लष्करी सरावाची क्षेत्रे वगळून जावे लागते. शिवाय धावपट्टीची दिशा पुण्याच्या दिशेला जुळत नाही. देवनहळ्ळीच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. त्यांचे क्रमांक ०९ आणि २७, म्हणजे ९० अंश आणि २७० अंश. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडते. वारा पश्चिमेचा असला तर ते पश्चिमेकडे उडून उजवीकडे थोडे वळते आणि वाटेला लागते. वारा पूर्वेचा असला तर आधी चेन्नईच्या दिशेने उडायचे आणि मग अर्धा वळसा घालून मागे यायचे. पुण्याची धावपट्टीही १० आणि २८, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिमच. तिथेही वळसा. या सगळ्याचे वीस मैल जास्तीचे धरा. ते जमिनीजवळ, कमी वेगात जातात, म्हणून सहा मिनिटे. हवेतला वेळ झाला ६८ मिनिटे.

राहिले जमिनीवरचे. तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. विमान उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावतात. ते काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ असते. देवनहळ्ळी हा पसरलेला विमानतळ आहे. विमान मागे ढकलणे, इंजिने चालू करणे, रांगेत थांबत धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे याला १५ मिनिटे सहज लागतात. पुण्यात उतरल्यावर ६ मिनिटे धरू. ६८ अधिक १५ अधिक ६, झाली ८९ मिनिटे. तिकिटावरचा दीड तास हाच.

कंपन्या यात थोडी सवडही ठेवतात. म्हणून कधी कधी दहा मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते आणि प्रवासी म्हणतात, वैमानिकाने दामटले. त्याने दामटलेले नसते. रांग लहान होती आणि वळसा वाचला, इतकेच.

वारा देतो आणि घेतो

विमान हवेत पोहत असते. हवाच सरकत असेल तर विमानही तिच्याबरोबर सरकते. पावसाळ्यात आपल्याकडे एक विचित्र स्थिती असते. जमिनीजवळ वारा पश्चिमेकडून येतो, पण द्वीपकल्पावर तीस-पस्तीस हजार फुटांवर तो पूर्वेकडून वाहतो. म्हणजे जुलैत विमान पश्चिमेचा वारा तोंडावर घेत उडेल आणि वर गेल्यावर पूर्वेचा वारा पाठीशी घेईल.

समजा वर ४० नॉटचा पूर्वेचा वारा आहे. आपली दिशा ३२६, वारा चाललाय २७० कडे. दोहोंत ५६ अंशांचा कोन. त्याचे कोसाइन ०.५६, म्हणून पाठीमागून मदत ४० पैकी २२ नॉटची. उरलेला जोर आडवा येतो, त्यासाठी नाक चार अंश वाऱ्याकडे वळवून धरावे लागते आणि त्यात एक नॉट खर्च होतो. जमिनीवरचा वेग ४४९ अधिक २२, म्हणजे ४७१ नॉट. परतताना ४४९ उणे २२, म्हणजे ४२७.

चढउतार बाजूला ठेवून सगळे ३९० मैल या वेगांनी काढू. जाताना ४९.७ मिनिटे, येताना ५४.८. बेरीज १०४.५. वारा नसता तर ५२ दुणे १०४. जाताना जे कमावले ते येताना गेले, आणि वर अर्धे मिनिट दंड पडला. ही आकड्यांची हातचलाखी नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठा. ४० च्या जागी ८० नॉट घालून हाच हिशेब करा. दंड चांगलाच वाढलेला दिसेल.

उंचीचाही नियम दिशेवर ठरतो. शून्य ते १७९ अंशांकडे जाणारी विमाने विषम हजारांत, म्हणजे ३३ किंवा ३५ हजार फुटांवर उडतात, आणि १८० ते ३५९ कडे जाणारी सम हजारांत. त्यामुळे पुण्याला जाणारे ३४ हजारांवर असेल तर पुण्याहून येणारे त्याच्या हजार फूट वर किंवा खाली. खिडकीतून समोरचे विमान सूं करून मागे जाताना दिसते ना, ते इतके जवळ असूनही सुरक्षित असते ते या नियमामुळे.

इंधन : जिथे चुकून चालत नाही

इथपर्यंत मिनिटा-दोन मिनिटांची चूक झाली तर बिघडत नव्हते. इंधनाच्या हिशेबात मात्र बिघडते. या जातीचे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन खाते. दीड तासाच्या प्रवासाला दीड तासाचे इंधन भरले तर कुणीही शहाणा वैमानिक त्यात बसणार नाही. प्रवासाचे इंधन, त्यावर अडीअडचणीसाठी सुमारे पाच टक्के, पुण्याला उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन, आणि याहीवर तीस मिनिटे घिरट्या घालता येतील इतका अखेरचा साठा. हा शेवटचा साठा वापरायचा नसतो. तो टाकीत घेऊनच उतरायचे.

पुण्यासाठी जवळचा पर्याय मुंबई, सरळ रेषेत अवघे ६७ सागरी मैल. पण मुंबईवर जुलैचा पाऊस कोसळत असेल तर तोही पर्याय कच्चा, मग हैदराबाद किंवा आणखी कुठे लांबचा धरावा लागतो आणि इंधन वाढते. इंधन वाढले की वजन वाढते, वजन वाढले की खर्च होणारे इंधनही वाढते. रणगाड्यांची तुकडी असो की उंचावरच्या ठाण्याला जाणारी खेचरे, रसदीचा प्रश्न शेवटी याच वळणावर येतो.

पुण्याची आणखी एक बाब कॅडेट्सना आवडेल. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमाने तिथे पाहुणी. सुखोईंचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला थांबावे लागते. धावपट्टी एकच. २०२१ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर असे चौदा दिवस पुण्याची सगळी नागरी उड्डाणे बंद होती. आपल्या बाजूलाही असेच आहे. यलहंका तळावर दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत एअरो इंडिया भरते, तेव्हा हवाई कसरतींच्या वेळात देवनहळ्ळीची उड्डाणे काही तास थांबवतात. त्या आठवड्यात तिकीट काढताना पालकांनी आधी वेळापत्रक पाहावे.

दारापासून दारापर्यंत

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. विमान दीड तासाचे, मग दिवस कुठे जातो?

२००८ च्या मे महिन्यापर्यंत प्रवासी विमाने एचएएलच्या विमानतळावरून उडत, तो शहराला चिकटून होता. (एचएएलची ही मुळातली कंपनी १९४० साली उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने. पुढे ती सरकारकडे गेली.) देवनहळ्ळी मात्र शहराच्या मध्यापासून ३५ ते ४० किलोमीटर. पहाटे सव्वा तास पुरतो, संध्याकाळी हेब्बाळच्या पुलाने दोन तासही घेतले आहेत. सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचायचे. सामान देण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते, आणि दार पंचवीस मिनिटे आधी. मग विमान दीड तास. पुण्यात सामान येईपर्यंत अर्धा तास. लोहगावहून खडकवासल्याच्या बाजूला जायचे तर शहर पार करत दीड तास.

बेरीज पावणेसात तास. ७२२ किलोमीटरला पावणेसात तास, म्हणजे सरासरी वेग ताशी १०७ किलोमीटर. ताशी ८३० किलोमीटरने उडणाऱ्या यंत्रात बसून आपण एवढेच कमावतो. बसला चौदा तास धरले तर तिचा वेग ताशी ६०. विमान अजूनही पुढेच आहे, पण चौदापट नव्हे, दुपटीहून कमी.

साताऱ्याच्या पालकांनी तर नीटच विचार करावा. विमानाने पुण्याला जाऊन मुलाला पुन्हा १२० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे ज्या बाजूने तो आला त्याच बाजूला, परत आणायचे. एकूण सव्वाआठ तास होतात, तेही दिवसाचे. रात्रीची बस साताऱ्यावरूनच जाते. बारा तास लागतात, पण त्यातले आठ झोपेत जातात. कोल्हापूर-सांगलीच्या मुलांना कोल्हापूरचे विमान सोयीचे पडते, वेळा जुळल्या तर. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट : देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान जाते. काळी पत्र्याची ट्रंक रिकामी असतानाच त्यातला मोठा वाटा खाते. ट्रंक शाळेतच राहू द्या, मुलाला पिशवी द्या.

उलटा हिशेब

फौजेत वेळेचा हिशेब शेवटापासून मागे करतात. समजा तुमची निवड झाली आहे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दुपारी दोनपर्यंत हजर व्हायचे आहे. दोन तास हाताशी ठेवून १२ वाजता दारात उभे राहायचे ठरवा. त्यासाठी साडेदहाला लोहगावच्या बाहेर. दहाला विमान थांबलेले हवे. म्हणजे ते साडेआठला सुटले पाहिजे. साडेसहाला देवनहळ्ळी. सव्वापाचला शहर सोडायचे. सव्वाचारला उठायचे.

कागदावर छान दिसते. पण प्रबोधिनीचे सत्र जानेवारीत आणि जुलैत सुरू होते. जानेवारीच्या पहाटे देवनहळ्ळीवर धुके उतरते, आणि नेमकी सकाळची विमाने अडकतात. जुलैत पुण्याला पाऊस. हाताशी ठेवलेले दोन तास एका धुक्यात संपतात. म्हणून ज्या दिवशी हजर व्हायचे त्याच दिवशी सकाळचे विमान धरू नये. आदल्या दुपारचे धरावे, किंवा आदल्या रात्रीची बस. तिकीट स्वस्त आहे म्हणून सकाळचे काढणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. सुट्टीवरून शाळेत परतण्यालाही हेच लागू आहे, फक्त तिथे फार तर जादा ड्रिल होईल.

वहीसाठी

एक : बेळगावचा सांबरा विमानतळ १५ अंश ५१ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३७ मिनिटे पूर्व येथे आहे. अंतर काढा. मधल्या अक्षांशाचे कोसाइन ०.९६८ घ्या.

दोन : कोल्हापूर १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व. कोसाइन ०.९६६. हे अंतर २७० नॉटचे पंख्याचे एटीआर विमान किती वेळात काढील, आणि ४५० नॉटचे जेट किती? चढउतार सोडून द्या. मग असे सांगा की चढउतार धरल्यावर दोहोंतला फरक वाढेल की कमी होईल.

तीन : पुण्याहून बेंगळुरूकडे येण्याची दिशा कोणती, आणि ३४,००० फूट ही उंची चालेल का?

चार : पुणे आपल्या पश्चिमेला ३ अंश ४७ मिनिटे आहे. सूर्य एका अंशाला चार मिनिटे घेतो. बेंगळुरूला भर दुपार झाल्यावर पुण्यात ती किती वेळाने होते?

पाच : वैमानिक सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १ जानेवारीला पहाटे ५ वाजता सुटणाऱ्या विमानाची तारीख आणि वेळ कागदावर काय लिहावी?

उत्तरे : पहिल्याचे २३९ सागरी मैल, ४४३ किलोमीटर. दुसऱ्याचे २८७ सागरी मैल. एटीआरला ६४ मिनिटे, जेटला ३८. एटीआर इतके उंच चढत नाही, त्यामुळे चढउतारात जेटइतका वेळ घालवत नाही, म्हणून फरक कमी होतो. तिसऱ्याचे १४६ अंश. ३४,००० चालणार नाही, ३३ किंवा ३५ हजार घ्यावे. चौथ्याचे सुमारे १५ मिनिटे. पाचव्याचे ३१ डिसेंबर, रात्रीचे २३:३०.